तुमच्या यादीतला सर्वांत छोटा आकडा

पत्र:

माझं बाळ सहा महिन्यांचं आहे. घरातल्या उपकरणांच्या रेडिएशनबद्दल बरंच काही वाचल्यावर मी हातात धरायचा एक ईएमएफ मीटर मागवला आणि घरभर फिरून आकडे लिहून काढले. मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असताना दाराला टेकवला तर ८५ मायक्रोटेस्ला. हेअर ड्रायरच्या मुठीजवळ १४०. फ्रिजच्या बाजूला १.२. वायफाय राउटरपासून हातभर अंतरावर, रेडिओ लहरींच्या सेटिंगवर, ९,४०० मायक्रोवॅट प्रति चौरस मीटर आणि लाल दिवा. बाळाच्या पाळण्यापाशी ०.९ मायक्रोटेस्ला, रात्री तीनला उठून पाहिलं तरी ०.८. फोनवर एक ॲप घेतलं, ते घरात कुठेही ४३ ते ४८ मायक्रोटेस्ला दाखवतं. राउटर मी गॅलरीत नेऊन ठेवलाय, कारण तो जवळ असला की माझं डोकं दुखतं. सासूबाईंना पेसमेकर आहे आणि स्वयंपाकघरात इंडक्शन शेगडी आहे. नवरा म्हणतो, मीटर टाकून दे. एका जाहिरातीत फोनला लावायचे स्टिकर आणि भिंतींना द्यायचा लहरीरोधक रंग पाहिला. घ्यावा का? आणि यातला कुठला आकडा खरंच धोक्याचा आहे, एवढं तरी सांगा.

एक आई

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

शेवटी विचारलंत त्याचं उत्तर आधी देते. तुमच्या यादीतले मायक्रोवेव्ह, ड्रायर, फ्रिज, राउटर आणि फोनच्या ॲपचे आकडे निश्चिंत मनाने बाजूला ठेवा. पाठपुरावा करण्यासारखा आकडा एकच आहे आणि तो यादीतला सर्वांत छोटा आहे: पाळण्याजवळचा ०.९. तोही घाबरण्यासारखा नाही, पण तो कुठून येतो हे शोधायला हवं. शोध उद्या-परवा सुरू केलात तरी चालेल. आज रात्री मात्र पाळणा जवळच्या भिंतीपासून मीटरभर आत ओढून घ्या आणि नव्या जागी मीटर धरून पाहा. बहुधा आकडा तिथेच खाली आलेला दिसेल.

८५ आणि १४० सोडून मी ०.९ च्या मागे का लागले, हे तुम्हाला विचित्र वाटेल. सगळा मुद्दा त्यातच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुमच्या हातातल्या डबीत खरं तर तीन वेगळी उपकरणं आहेत. विजेच्या तारेतून प्रवाह वाहतो तेव्हा तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते मायक्रोटेस्लामध्ये किंवा मिलिगॉसमध्ये मोजतात (१ मायक्रोटेस्ला म्हणजे १० मिलिगॉस). तारेत नुसता विजेचा दाब (व्होल्टेज) असला, प्रवाह नसला, तरी विद्युत क्षेत्र असतं. ते व्होल्ट प्रति मीटरमध्ये. आणि राउटर, फोन वगैरे ज्या रेडिओ लहरी सोडतात त्यांची तीव्रता वॅट किंवा मायक्रोवॅट प्रति चौरस मीटरमध्ये. घरातली वीज सेकंदाला ५० किंवा ६० आवर्तनं (म्हणजेच हर्ट्झ) पूर्ण करते, वायफायच्या लहरी सेकंदाला दोन अब्जांहून जास्त. या दोन गोष्टी शरीराशी वेगळ्या रीतीने वागतात, त्यांच्या मर्यादा वेगळ्या आहेत, त्यांचं मोजमापही वेगळं आहे. त्यामुळे ९,४०० आणि ०.९ हे आकडे एका रांगेत लिहून त्यांची तुलना करता येत नाही.

आता चुंबकीय क्षेत्र. सर्वसामान्य लोकांसाठी विजेच्या वारंवारतेला आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१० साली २०० मायक्रोटेस्ला ही मर्यादा सुचवली. त्याआधी, १९९८ च्या शिफारशीत, ५० हर्ट्झसाठी ती १०० होती. ही मर्यादा तात्काळ होणाऱ्या परिणामांसाठी आहे. क्षेत्र फार प्रबळ असलं तर शरीरात छोटे प्रवाह निर्माण होतात, ते मज्जातंतूंना चाळवू शकतात, डोळ्यांपुढे चमक दिसू शकते. त्या पातळीच्या पुष्कळ खाली ही रेषा आखलेली आहे. तुमचे ८५ आणि १४० हे आकडे उपकरणाला मीटर टेकवून घेतलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटना जे नमुन्याचे आकडे देते त्यांत ३ सेंटिमीटरवरून मायक्रोवेव्हजवळ ७३ ते २०० मायक्रोटेस्ला, हेअर ड्रायरजवळ ६ ते २,०००, आणि फ्रिजजवळ ०.५ ते १.७ मिळतात. म्हणजे तुमची उपकरणं अगदी चारचौघांसारखी आहेत. तोच मायक्रोवेव्ह ३० सेंटिमीटरवरून मोजला तर ४ ते ८, आणि मीटरभर लांबून ०.२५ ते ०.६. आयईसी ६२२३३ या आंतरराष्ट्रीय मानकात बहुतेक घरगुती उपकरणं ३० सेंटिमीटरवरून मोजतात ती यासाठीच: ओव्हनच्या दाराला गाल लावून कोणी उभं राहत नाही. ड्रायर डोक्याजवळ येतो खरा, पण पाच-दहा मिनिटंच.

मग ०.९ ची दखल कशासाठी? वेळेसाठी. सहा महिन्यांचं बाळ दिवसरात्र मिळून चौदा-पंधरा तास झोपतं, आणि तेही त्याच जागी.

१९७९ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर यांनी घराजवळच्या विजेच्या तारा आणि मुलांमधला कर्करोग यांचा संबंध असावा असं मांडलं. त्यानंतर अनेक देशांत अभ्यास झाले. २००० साली त्यांतले अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा असं दिसलं की ज्या मुलांच्या घरातलं सरासरी क्षेत्र ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर होतं त्यांच्यात रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. या आधारावर कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आयएआरसी या संस्थेने २००२ साली या क्षेत्राला ‘२ब’, म्हणजे ‘कर्करोगाला कदाचित कारण ठरू शकेल’ अशा गटात घातलं.

हे वाचून लगेच धसका घेऊ नका, कारण याची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. मुलांमधला हा आजार मुळातच विरळा आहे. विरळ्या गोष्टीचं दुप्पट म्हणजेही विरळाच. इतक्या क्षीण क्षेत्राने पेशीत काय बिघडावं, याची कोणतीही यंत्रणा सापडलेली नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांनी याला दुजोरा दिलेला नाही. आणि ०.४ च्या वरच्या घरांतली मुलं त्या अभ्यासांत शंभरात एकाहूनही कमी होती, त्यामुळे कोण अभ्यासात आलं आणि कोण नाही आलं यानेही निकाल झुकू शकतो. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे सगळं तपासून सांगितलं की कार्यकारण सिद्ध होत नाही, मात्र फारसा खर्च न करता क्षेत्र कमी करता येत असेल तर ते करणं योग्य. मला हे पटतं. पाळणा सरकवायला काहीच लागत नाही, तेव्हा तो सरकवावा. त्यासाठी घर बदलायची किंवा रात्री जागायची गरज नाही.

शिवाय दुसरं एक कारण आहे, आणि माझ्या मते ते जास्त महत्त्वाचं. घरातलं नेहमीचं पार्श्वभूमीचं क्षेत्र साधारण ०.०२५ ते ०.११ मायक्रोटेस्ला असतं. तुमच्या पाळण्याजवळ त्याच्या निदान आठपट आहे आणि रात्री तीनलाही ते जेमतेम एक दशांशाने उतरतं. दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर सगळं बंद असताना हे क्षेत्र कोण तयार करतं? कधी कधी याचं उत्तर वायरिंगमधला दोष असतं, आणि तो दोष शॉक आणि आगीच्या दृष्टीने आधी दुरुस्त व्हायला हवा.

तेव्हा या शोधासाठी मीटर बाहेर काढा. पण आधी तो नीट धरायला शिका. एका जागी मीटर स्थिर ठेवून त्याला तीन दिशांना फिरवून पाहा: उभा, आडवा, कुशीवर. आकडा फारसा बदलला नाही तर आत तिन्ही दिशांचे सेन्सर आहेत. खूप बदलला तर तो एकाच दिशेचा आहे. मग तिन्ही आकड्यांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. समजा ०.२, ०.३ आणि ०.६ आले, तर खरं क्षेत्र ०.७. मीटर हलवत असताना आलेला आकडा कधीही लिहू नका. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात मीटर झपकन फिरवला तरी त्यातल्या वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो आणि आकडा उसळतो. हात थांबवा, दोन-तीन सेकंद जाऊ द्या, मग वाचा. आणि बाळ जिथे डोकं ठेवतं त्या उंचीवर मोजा. भिंतीवर मोजलेला आकडा भिंतीचा असतो.

आता भिंतीपासून मागे सरकत जा आणि आकडा कसा उतरतो ते पाहा. मीटरने सांगण्यासारखं सर्वांत उपयोगाचं काही असेल तर ते हे. अंतर दुप्पट केल्यावर आकडा एकदम आठव्या हिश्शावर आला, तर उगम एखादं छोटं उपकरण आहे: भिंतीपलीकडचा फ्रिज, जुन्या पद्धतीचा जड ॲडॅप्टर, स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, दारावरच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर. चौथ्या हिश्शावर आला, तर फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी) शेजारी शेजारी जाणारी केबल आहे. आणि आकडा नुसता निम्मा झाला, खोलीभर रेंगाळत राहिला, तर समजायचं की कुठेतरी एकटाच प्रवाह वाहतोय, ज्याची परतीची वाट दुसरीकडून गेली आहे. घरात मापं इतकी नेमकी येत नाहीत, पण पटकन उतरतो की रेंगाळतो एवढं नक्की कळतं. फ्रिजवर संशय असेल तर त्याचा आवाज ऐका. कॉम्प्रेसर थांबला की आकडाही पडला पाहिजे. तुमचा आकडा रात्रीही टिकून राहतो म्हणून उगम फ्रिज असेल असं मला फारसं वाटत नाही, पण तपासून टाका.

मग एक-एक उपकरणाचा प्लग काढत जा. त्याने फरक पडला नाही तर दिवसाउजेडी घराचा मेन स्विच बंद करा आणि पाळण्याच्या जागी पुन्हा मोजा. मीटर स्वतःच्या बॅटरीवर चालतो, त्याला विजेची गरज नाही. (घरात कोणाचं विजेवर चालणारं वैद्यकीय उपकरण असेल तर मात्र आधी त्याची सोय करा.) आकडा ०.१ च्या खाली आला तर उगम तुमच्याच घरात आहे. तसाच राहिला तर उगम बाहेर आहे: शेजारच्या घराचं डिस्ट्रिब्युशन बोर्ड, इमारतीच्या मीटर बॉक्समधून वर जाणारी जाड केबल, नाहीतर तळमजल्यावरचा ट्रान्सफॉर्मर. वीट आणि सिमेंट यांना चुंबकीय क्षेत्र जुमानत नाही, ते भिंतीतून सरळ येतं.

घरातलाच उगम निघाला आणि तो कुठल्या उपकरणाशी जोडता आला नाही, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. बोर्ड स्वतः उघडू नका. त्याला ‘रेडिएशन’ असं म्हणालात तर तो बहुधा हसेल. त्यापेक्षा असं सांगा: ‘फेज आणि न्यूट्रल दोन्ही मिळून क्लॅम्प मीटरमध्ये घ्या आणि प्रवाह शून्य येतोय का ते पाहा.’ क्लॅम्प मीटर म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा अडकवून प्रवाह मोजायचं उपकरण. जाणारा आणि येणारा प्रवाह समान असला की दोघांची क्षेत्रं एकमेकांना खोडतात आणि क्लॅम्प मीटर शून्याच्या आसपास राहतो. शून्य येत नसेल तर थोडा प्रवाह भलत्याच वाटेने परततोय. त्याची कारणं ठरलेली आहेत: न्यूट्रल आणि अर्थिंग कुठेतरी एकमेकांना जोडले गेलेले, दोन वेगळ्या सर्किटचे न्यूट्रल एकत्र बांधलेले, किंवा टू-वे स्विचसाठी फेज एका सर्किटमधून आणि न्यूट्रल दुसऱ्यातून घेतलेला. किती प्रवाहाने एवढं क्षेत्र होतं याचा अंदाज तुम्हीही काढू शकता: एकट्या तारेतल्या अँपिअरला ०.२ ने गुणा आणि मीटरमधल्या अंतराने भागा. अर्ध्या मीटरवर ०.९ मायक्रोटेस्ला हवं असेल तर सव्वादोन अँपिअर भरकटलेले असायला हवेत. इलेक्ट्रिशियनला ही गोष्ट लगेच समजेल, कारण त्याच्या धंद्यात हा उघड दोष आहे. घरात आरसीसीबी (प्रवाह गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवलेला नसेल तर याच भेटीत तो बसवण्याबद्दल बोला.

उगम बाहेरचा निघाला आणि हलवता येण्यासारखा नसला, तर पाळणा आणि पलंग दुसऱ्या भिंतीकडे न्या आणि त्या भिंतीशी कपाट ठेवा. एवढं पुरेसं आहे.

राउटरकडे येते. ९,४०० वाचून छातीत धस्स होतं, कारण आकडा मोठा आहे. पण तो मोठा दिसतोय एककामुळे. रेडिओ लहरींसाठी वायफायच्या पट्ट्यात सर्वसामान्य लोकांची आंतरराष्ट्रीय मर्यादा १० वॅट प्रति चौरस मीटर आहे. त्याचे मायक्रोवॅट केले तर १,००,००,०००, म्हणजे एक कोटी. तुमचे ९,४०० त्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी आहेत. काही ठिकाणी हेच आकडे प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये लिहितात. तिथे तुमचा आकडा ०.९४ होतो आणि मर्यादा १,०००. तुम्ही जे वाचलंत त्यात ही दोन एककं सरमिसळ झाली असतील तर दहा हजारपट चूक होते, आणि अशी सरमिसळ फार होते. दुसरं, मर्यादा सरासरीसाठी आहे. आयसीएनआयआरपीच्या २०२० च्या शिफारशीत पूर्ण शरीरासाठी ती ३० मिनिटांच्या सरासरीवर धरली आहे. असे छोटे मीटर मात्र बहुधा क्षणातला सर्वोच्च आकडा पकडून ठेवतात. राउटर रिकामा असतो तेव्हा सेकंदाला साधारण दहा वेळा छोटीशी हाक देतो आणि मधल्या वेळात गप्प असतो. त्यामुळे खरी सरासरी ९,४०० च्या कितीतरी खाली असणार. लाल दिवा कुठे लागावा हे मीटर बनवणारा ठरवतो, कोणतीही आरोग्यसंस्था नाही.

राउटर गॅलरीतून आत आणा. हे मी आग्रहाने सांगते आहे, कारण तो बाहेर नेल्याने उलट परिणाम होतो. वायफाय क्षीण झालं की फोन मोबाइलच्या जाळ्याकडे वळतो, आणि सिग्नल जितका कमजोर तितकी फोन आपली शक्ती वाढवतो. राउटर दोन मीटरवर असतो, फोन तुमच्या हातात नाहीतर उशीखाली. कमी करायचंच असेल तर तिथे करा: रात्री फोन उशीपासून दूर ठेवा, लांब बोलायचं असेल तेव्हा इअरफोन लावा, सिग्नलची एकच काडी दिसत असताना लांबलचक बोलणं टाळा. राउटर बसण्या-झोपण्याच्या जागेपासून मीटर-दोन मीटरवर असला की झालं. बाळासाठी बिनतारी मॉनिटर वापरत असाल तर तोही पाळण्याच्या कडेला न अडकवता मीटरभर लांब ठेवा.

मायक्रोवेव्हबद्दल एक गैरसमज राहिला. तुम्ही मोजलेले ८५ हे त्याच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र आहे. आतल्या सूक्ष्मलहरी गळतात का, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. गळतीची मर्यादा दारापासून ५ सेंटिमीटरवर ५ मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर आहे, म्हणजे तुमच्या मीटरच्या एककात पाच कोटी. बहुतेक छोटे मीटर तिथवर पोचायच्या फार आधीच शेवटच्या आकड्यावर थांबतात, तेव्हा त्यांच्याकडून हा निवाडा होणार नाही. दार वाकलेलं नाही ना, बिजागऱ्या ढिल्या नाहीत ना, कडेची पट्टी जळलेली किंवा फाटलेली नाही ना, हे डोळ्यांनी पाहा. यातलं काही दिसलं तर दुरुस्त होईपर्यंत ओव्हन वापरू नका. नाही दिसलं तर अर्ध्या मीटरवर उभं राहा. तिथे लहरींची तीव्रता ५ सेंटिमीटरच्या मानाने शंभराव्या भागाच्या आसपास येते.

फोनच्या ॲपमधले ४३ ते ४८ मायक्रोटेस्ला पृथ्वीचे आहेत. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र जागेनुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं आणि फोनमधला होकायंत्राचा सेन्सर तेच दाखवतो. तुम्ही घरातली सगळी वीज बंद केलीत तरी तो तेवढंच दाखवेल. भिंतीतल्या लोखंडी सळ्यांमुळे आकडा चार-दोन अंकांनी हलतो. वायफाय किंवा मोबाइलच्या लहरी हे ॲप मोजूच शकत नाही. काढून टाका ते.

डोकेदुखीबद्दल जपून लिहिते, कारण दुखणं खरं आहे. तुमच्यासारखा अनुभव सांगणाऱ्या अनेकांवर असे प्रयोग झाले आहेत की लहरी चालू आहेत की बंद, हे त्यांनाही माहीत नसतं आणि समोरच्या तपासणाऱ्यालाही. ‘चालू’ असं वाटलं की त्रास होतो, मग त्या खरंच चालू असोत किंवा नसोत. आणि त्या केव्हा चालू होत्या ते ओळखता येत नाही, असं पुन्हा पुन्हा दिसलं. याचा अर्थ तुम्ही खोटं बोलता असा अजिबात नाही. काळजीने, अर्धवट झोपेने आणि सतत ताणलेल्या मानेने डोकं दुखतंच. तुम्ही रात्री तीनला उठून मीटर पाहता हे वाचल्यावर मला कुठल्याही आकड्यापेक्षा तुमचीच काळजी जास्त वाटली. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत एखादी भीती मनाला चिकटते आणि तपासलं तरी सुटत नाही, उलट तपासल्यावर आणखी तपासावंसं वाटतं. असं होत असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. ही त्यांच्या रोजच्या कामातली गोष्ट आहे आणि त्यावर चांगले उपाय आहेत. डोकेदुखीसाठीही त्यांनाच दाखवा, म्हणजे रक्तदाब, डोळे, रक्तातलं लोह हे सगळं पाहिलं जाईल. रात्रीचं मोजणं मात्र आजपासून बंद. ०.८ हा आकडा तुमच्याकडे आहे, तो मला आणि इलेक्ट्रिशियनला पुरेसा आहे.

सासूबाईंच्या पेसमेकरसाठी मीटर अजिबात वापरू नका, ना घाबरायला ना निश्चिंत व्हायला. इंडक्शन शेगडी साधारण २० ते १०० किलोहर्ट्झवर चालते आणि घरच्या वापराचे पुष्कळ मीटर त्या पट्ट्यात आंधळे असतात किंवा चुकीचं दाखवतात. इथे अंतराचे साधे नियम आहेत. शेगडी चालू असताना पेसमेकर तिच्यापासून ६० सेंटिमीटर लांब राहील असं उभं राहायचं. भांडं शेगडीच्या वर्तुळाएवढं आणि मधोमध ठेवायचं. फोन पेसमेकरपासून १५ सेंटिमीटर लांब, छातीच्या खिशात कधीही नाही, आणि कानाला लावायचा तर पेसमेकरच्या विरुद्ध बाजूच्या. चुंबक असलेले फोन, त्यांची कव्हरं, चुंबकाने बंद होणाऱ्या पर्सेस यांच्याकडे खास लक्ष द्या: स्थिर चुंबकाचं क्षेत्र बदलत नसल्यामुळे तुमचा मीटर त्यांच्यापाशी शून्य दाखवेल, तरी पेसमेकरवर त्यांचा परिणाम होऊ शकतो. चांगल्या स्थितीतला मायक्रोवेव्ह आणि खोलीतला राउटर यांची त्यांना भीती नाही. पेसमेकरच्या कार्डावर मॉडेलचं नाव असतं. पुढच्या तपासणीला शेगडीबद्दल त्या नावासकट विचारून घ्या, म्हणजे नेमकं उत्तर मिळेल.

स्टिकर आणि रंग दोन्ही घेऊ नका. स्टिकरने फोनच्या लहरी अडत नसतील तर तो निरुपयोगी, आणि अडत असतील तर फोन जोर लावून जास्त सोडेल. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही ग्राहकांना हेच सांगितलं आहे. लहरीरोधक रंग रेडिओ लहरी अडवतो, पण तुमचा ०.९ त्यातून असा जाईल की जणू रंग दिलेलाच नाही, कारण विजेच्या वारंवारतेचं चुंबकीय क्षेत्र अडवायला म्यू-मेटलसारखे खास मिश्रधातू लागतात. वर खोलीतल्या फोनचा सिग्नल पडेल तो वेगळाच. गळ्यात घालायची ‘रक्षक’ लॉकेटं तर घरात आणूच नका. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा आणि प्रारण संरक्षण प्राधिकरणाने लहरींपासून बचाव म्हणून विकल्या जाणाऱ्या दहा वस्तू तपासून बंद करायला सांगितल्या: लॉकेटं, झोपताना डोळ्यांवर लावायची पट्टी, लहान मुलांचं ब्रेसलेट. त्यांत किरणोत्सारी द्रव्य होतं. राउटरच्या लहरींत रेणू फोडण्याची ताकद नसते. या वस्तूंमधून बाहेर पडणाऱ्या किरणांत ती होती, आणि लोक त्या अंगाला लावून झोपत होते.

मीटर टाकू नका, नवऱ्यालाही तसं सांगा. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत तो लागेल आणि काम झाल्यावर त्याच जागी, त्याच उंचीवर पुन्हा मोजायलाही लागेल. इलेक्ट्रिशियन येण्याआधी एका कागदावर त्या भिंतीचं साधं चित्र काढून ठेवा: पाळणा कुठे, स्विचबोर्ड कुठे, पलीकडे काय आहे, आणि भिंतीला लागून, अर्ध्या मीटरवर आणि मीटरवर आलेले आकडे मेन चालू असतानाचे आणि बंद असतानाचे असे वेगवेगळे लिहा. तो कागद त्याच्या हातात द्या, म्हणजे कुठून सुरुवात करायची ते त्याला विचारावं लागणार नाही.